रोहण्याच्या शकुबाईचा खटला

मित्रांनो, वर्ध्याच्या कोर्टात ज्याने उभा जन्म काढला, तो साक्षीदाराचा जुना पिंजरा म्हणजे मी. नावाचाच पिंजरा, कमरेएवढा सागवानी कठडा, एवढाच माझा देह. भलेभले माझ्यात उभे राहिले की मला घट्ट धरत.

एकोणीसशे छप्पन्न साली रोहणा गावची शकुबाई आली. तिचा नवरा रूपराव याने हिंदू विवाह कायदा येण्याआधीच दुसरी बायको केली होती. या नव्या कायद्याने अशा बाईला सोडचिठ्ठी मागता येत होती, म्हणून तिने अर्ज केला. रूपरावला समन्स गेले. त्याने वकील देऊन उत्तर दिले, "दुसरे लग्न झालेच नाही. तानाबाई घरची कामवाली आहे."

न्यायाधीशांनी आधी समेट होतो का ते पाहिले. झाला नाही. मग तारखा पडत गेल्या. कधी वकील आजारी, कधी साक्षीदार गैरहजर. शकुबाई मात्र दर तारखेला हजर.

उलटतपासणीत रूपरावच्या वकिलाने तिला दरडावले, "नांदायचे सोडून कोर्टाची पायरी का चढलात?"

"नांदत तं होती साहेब. यानंच दुसरी आनली, अन् आता म्हन्ते आनलीच नाई. मंग खोटं कोन बोलून राह्यलं?"

तिने मला धरले नव्हते. मला त्या बाईचे फार कौतुक वाटले.

मग रूपरावने स्वतःची साक्षीदार म्हणून तानाबाईलाच उभे केले. पोरसवदा बाई, कडेवर तान्हे मूल. तिचा हात माझ्यावर थरथरत होता.

"रूपरावशी तुमचे लग्न झाले आहे?" त्याच्याच वकिलाने विचारले.

रूपराव डोळे वटारून बघत होता. तानाबाईने मुलाकडे पाहिले.

"झालं साहेब. मांडव घालून झालं. मले कामवाली म्हनता, मंग माह्या लेकराले काय म्हनान?"

रूपराव तिला तिथेच टाकून तरातरा निघून गेला. कोर्ट उठले तरी ती माझ्यातच उभी. शकुबाई जवळ आली.

"घरी जायाचा भेव वाटते काय?"

"हो, बाई."

"मंग माह्या संगं चाल. माह्या मायच्या घरी राह्यजो."

पुढे शकुबाईला सोडचिठ्ठी मिळाली, तो निकाल ऐकायला दोघी शेजारी बसल्या होत्या. शकुबाईने पदराने डोळे पुसले. मूल तिच्याच मांडीवर झोपले होते.

आता माझा एक खांब निखळला आहे. मी मोडक्या खुर्च्यांत पडून असतो. मित्रांनो, जमले तर तो खांब बसवा. नाही जमले तरी चालेल. पण खरे बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाचे हात कापताना दिसले, तर हसू नका. त्याचे बोलणे पुरे होऊ द्या.