बाबांचा अंदाज

"मी परत येईन ना हो?" आईने स्ट्रेचरवरून विचारलं. ऑपरेशन थिएटरचं दार उघडून नर्स थांबली होती.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "शक्यता चांगली आहे. पण नक्की असं..."

"बाबा, अहो!" मी ओरडलेच. बायको आत चाललीय आणि हा माणूस शक्यता सांगतोय!

आई मात्र हसली. "लग्न करणार ना, म्हणून विचारलं होतं, तेव्हाही हेच. जित्याची खोड!"

खोड कसली, धंदाच तो. सॉफ्टवेअर बांधायच्या आधी त्याचा आराखडा काढतात. तो बघून जाणकार मंडळी छातीठोकपणे सांगतात, हॅकर, म्हणजे चोरच, इथून शिरेल, तिथून शिरणार नाही. या भाकितांवर कितपत विसंबायचं, हे ठरवणं बाबांचं काम. कोण काय बोललं होतं आणि पुढे काय घडलं, हे ते वर्षानुवर्षं ताडून बघत. "'नक्की' म्हणणाऱ्याचा आराखडा आधी तपासावा," असं त्यांचं म्हणणं. ऑफिसात त्यांचं नावच 'बघूया' पडलं होतं. डॉक्टरांनाही त्यांनी विचारलंच, "तुमचे आधीचे अंदाज कितीसे खरे ठरले?" धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आई परत आली नाही.

भेटायला येणारी माणसं पांगली, त्या दुपारी बाबा ओट्याला टेकून उभे होते. तिचा कप विसळायला घेतला होता, तो तसाच हातात, नळ वाहतोय.

"माझा अंदाज चुकला नव्हता गं, नक्की काहीच नव्हतं," ते म्हणाले. "पण तिला अंदाज कुठे हवा होता? एक शब्द हवा होता. तेवढाही माझ्याच्यानं निघाला नाही."

मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की दोन शब्द सुनावणारच होते. पण बाबांना रडताना कधी पाहिलंच नव्हतं. मी नुसता नळ बंद केला.

परवा मी माझ्या घरी परत निघाले. बाबा स्टँडवर सोडायला आले. बस जुनाट, ड्रायव्हर जांभया देत होता. एरवी बाबांनी एवढ्यावरून मला खाली उतरवलं असतं. त्यांनी खिडकीतून हात घालून माझा हात धरला.

"पोचशील तू," ते म्हणाले. "नक्की पोचशील. अगदी नक्की."

मी काही विचारलंच नव्हतं. बस सुटली, तरी ते खिडकीबरोबर चालत तेच म्हणत होते.