निळ्या वह्या

बाबांनी हेडफोन उलटा घातला. मास्तर काचेच्या खोलीत गेला, त्याने तो सरळ केला आणि माइक त्यांच्या हनुवटीपर्यंत खाली आणला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. नखांत मात्र ग्रीस होतंच. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या नखांतून ते कधी पूर्ण जात नाही.

"लांबून बोलू की जवळून?"

"घरी बोलता तसं बोला, काका."

"घरी आम्ही बोलतच नाही," बाबा म्हणाले आणि स्वतःच थोडे हसले.

काचेच्या अलीकडे बसलेल्या त्यांच्या मुलाला हे हेडफोनमधून अगदी कानाशी ऐकू आलं. तो हसला नाही. त्याने समोरच्या कागदावर उगाच एक रेघ ओढली.

लोक त्याला खिळा म्हणत. हे नाव त्याने स्वतः घेतलं होतं, आठ वर्षांपूर्वी, तळघरात आणि बंद गॅरेजमध्ये तीस-चाळीस माणसांपुढे रॅप करताना. तेव्हा त्याला ओळखणारे तेवढेच होते आणि ते सगळे नावानिशी माहीत होते. मग मागच्या वर्षी 'निळ्या वह्या' हे गाणं आलं आणि दोन महिन्यांत सगळंच पालटलं. आता बसच्या पाठीवर त्याचा चेहरा होता. औषधाच्या दुकानात गोळ्या घ्यायला गेलं तरी कुणीतरी फोन पुढे करायचं.

नवा अल्बम या सगळ्याबद्दलच होता. 'आता ओळखतात' हे नाव मास्तरनं सुचवलं. मास्तर पूर्वी शिकवणीत गणित शिकवायचा आणि संगीत तयार करायचा. आता नुसतंच संगीत करायचा. अल्बम दोघांचा होता, पण प्रत्येक गाण्यात तिसरा आवाज हवा, असं खिळ्यानं ठरवलं होतं: नाव झालं नव्हतं तेव्हा ज्यांनी त्याला पाहिलं, त्यांचा. त्याचा न्हावी येऊन गेला. "आधी तू उधारीवर केस कापून घ्यायचास, आता पोरं तुझा फोटो घेऊन येतात आणि डोकं तुझ्यासारखं नसतं," असं तो म्हणाला, ते तसंच घेतलं. पूर्वी त्याच्यासोबत एकाच माइकवर रॅप करणारी मैत्रीण आली आणि सोळा ओळींत त्याला सोलून गेली. तेही घेतलं. आईवरचं गाणं त्याने एकट्यानंच म्हटलं, कारण ती जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात फक्त तीच माझ्या बाजूची होती, असं त्या गाण्यात होतं.

शेवटचा आवाज बाबांचा. फोनवर विचारलं तेव्हा ते नाही म्हणतील अशी त्याची खात्री होती. ते म्हणाले, "मंगळवारी सुट्टी आहे माझी. किती वाजता येऊ?"

'निळ्या वह्या' त्यांच्यावरच होतं. सतरा वर्षांचा मुलगा, बारावीच्या तोंडावर सराव परीक्षेत दोन विषयांत नापास. क्लासहून घरी येतो तर मागच्या दारी पत्र्याच्या डब्यात राख, आणि त्याने तीन वर्षं लिहिलेलं सगळं गेलेलं. निळ्या वह्या, लाल जाळ, बाप माझा माझाच काळ. ही ओळ शाळकरी मुलांच्याही तोंडी होती. बाबांनी गाण्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

"काका, त्या दिवसाचं सांगा," मास्तर म्हणाला. "आठवेल तसं. थांबायचं असेल तर थांबा."

बाबांनी घसा साफ केला.

"मी दुपारी घरी येऊन गेलो त्या दिवशी. ह्याचा निकाल कळला होता. डोक्यात तिडीक गेली. ह्याच्या वह्या काढल्या... निळ्या, पुठ्ठ्याच्या. आठ-दहा असतील. मागच्या दारी नेल्या आणि एकेक करून टाकल्या. जाड पुठ्ठा, लवकर पेटेना." त्यांनी हेडफोन कानावर नीट बसवला. "ह्याची आई आतून नको नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. चूक झाली माझी."

मास्तरनं अंगठा वर केला. एका दमात, इतकं साधं, असं कुणाकडूनच मिळालं नव्हतं. वळून तो खिळ्याला काहीतरी म्हणणार होता, पण त्याचा चेहरा बघून त्याने अंगठा खाली घेतला.

वह्या कधी नव्हत्याच. बाबा कामावरून लिफ्टच्या तपासणीचे रद्द झालेले तक्ते आणायचे, गणितं सोडवायला म्हणून. एका बाजूला दोर, ब्रेक, दाराची फट असे छापील रकाने आणि दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूंवर तो लिहायचा आणि सुतळीनं गठ्ठे बांधून कपाटामागे ठेवायचा. बाबांनी ते जाळले असते तर त्यांना आपल्याच कंपनीचं नाव जळताना दिसलं असतं. गाणं करताना 'तक्ते' ठेक्यात बसेना, म्हणून मास्तर म्हणाला होता, वह्या कर. निळा रंगही तेव्हाच आला. हे त्या दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

"परत म्हणू का?" बाबांनी काचेतून विचारलं.

"नको," तो म्हणाला. "झालं."

खाली चहाच्या गाड्यापाशी दोघं उभे राहिले. खिळ्यानं टोपी डोळ्यांवर ओढली होती, तरी दोन मुली लांबून बघत होत्या.

"बाबा, वह्या नव्हत्या त्या."

बाबांनी चहावर फुंकर मारली. घोट घेतला नाही.

"मग काय होतं?"

खिळ्यानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. बाबांना आपलं काय चुकलं ते कळलं, आणि ते रस्त्याकडे बघत राहिले. एक बस गेली, तिच्यामागून दुसरी.

"तू गाण्यात वह्या म्हणतोस," ते अखेर म्हणाले. "मला वाटलं, वह्याच असतील."

"म्हणजे तुम्ही त्या दुपारी घरी आलाच नव्हता."

"संध्याकाळीच आलो. तू खोलीत कडी लावून बसला होतास. तुझी आई स्वयंपाकघरात. हाताला भाजलं होतं तिच्या." त्यांनी ग्लास गाड्याच्या कडेला ठेवला. "घाबरली होती रे. तू लिहिण्यापायी शिक्षण सोडशील, कुठंतरी निघून जाशील, असं काहीबाही तिच्या डोक्यात. पेटवून बसली आणि मग कळलं तिला काय केलं ते. म्हणाली, तो आता माझं तोंड बघणार नाही. मी म्हटलं, मी केलं म्हणून सांगू. माझं तोंड तो तसंही कुठे बघतो."

"इतकी वर्षं..."

"आधी ती होती. तिच्यासमोर कसं सांगणार? मग ती गेली." बाबांनी खांदे उडवले. "मग तुझं गाणं आलं."

"लोक तुम्हाला काय काय म्हणतात."

"मला कोण ओळखतंय? एकदा एका इमारतीत एक पोरगा माझ्याशेजारी उभा राहून तेच गाणं म्हणत होता. मी तिथं बटणं बदलत होतो. चांगलं म्हणत होता." ते वळले. "आईवरचं गाणं मास्तरांनी मला ऐकवलं मघाशी. छान झालंय. त्याला हात लावू नकोस."

"आणि तुमचं?"

"माझं सांगून झालं की वर."

त्या मुली आता जवळ आल्या होत्या. त्यातल्या एकीनं फोटो मागितला. बाबा बाजूला सरकले, मग तिनं फोन त्यांच्याच हातात दिला: "काका, काढता का?" त्यांनी दोन काढले. एक हलला म्हणून तिसरा काढला.

मास्तरला त्याने काहीच सांगितलं नाही. एक दिवस फक्त म्हणाला, शेवटचं गाणं गाळू या का? मास्तर ताडकन वळला. "वेड लागलंय का? अख्ख्या अल्बमचा जीव त्यात आहे." खिळ्यानं वाद घातला नाही. घालायचा तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण आईपाशी जात होतं.

अल्बम आला आणि मास्तर म्हणाला तसंच झालं. सगळ्यात जास्त ऐकलं गेलं ते बाबांचं बोलणं. बापानं निदान कबूल तरी केलं, असं लोक लिहीत होते. काहींनी त्यांना माफ केलं होतं, काहींनी नाही.

पहिला मोठा कार्यक्रम एका मैदानावर होता, रविवारी दुपारी. ऊन तिरपं झालं होतं. सातव्या गाण्यानंतर 'निळ्या वह्या'चा ठेका सुरू झाला आणि नाव सांगायच्या आतच मैदान ओरडू लागलं. पहिलं कडवं त्याने म्हटलं. बापावरची ती ओळ आली तेव्हा माइक तोंडाशी होता आणि तोंड बंद होतं. मास्तरला वाटलं, विसरला. त्याने कानातल्या यंत्रातून शब्द सांगितले, एकदा, दोनदा. त्याची गरज नव्हती. समोरच्या वीस हजार माणसांनी हात वर करून ती ओळ म्हटली, मग पुन्हा म्हटली. पुढच्या रांगेतली एक बाई रडत होती. तो भरून आल्यामुळे थांबला, असंच सगळ्यांना वाटलं.

उतरल्यावर त्याने मंचामागच्या तंबूत जाऊन फोन लावला. पाठ घामानं भिजली होती. बाबांनी बऱ्याच वेळानं उचलला.

"बाबा, आज मी ती ओळ म्हटली नाही."

पलीकडे लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"लोकांनी म्हटली असेल."

"हो."

"मग तुझं काय अडलं?" बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. कामात असतानाचा आवाज होता. "ठेवतो मी. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबलीय, आत एक बाई आहे."

फोन बंद करायचा ते विसरले. तो शर्टाच्या खिशात गेल्याचं घासणं ऐकू आलं, मग पावलं, मग दारावर तळहाताची थाप. तंबूच्या बाहेर लोक अजून त्याचं नाव घेत होते. त्याने दुसरा कान बोटानं दाबला.

"ताई, घाबरू नका," बाबा कुणाला तरी सांगत होते. "मी इथंच उभा आहे."