मथुराबाई लग्नाला आल्या

देवानंदच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आदिलाबादला फंक्शन हॉल घ्यायचं ठरलं आणि त्याने घरच्या ग्रुपवर लग्नातला जुना फोटो टाकला. तो बघून बेला गावात त्याच्या काकूच्या, मथुराबाईंच्या, पोटात दुखायला लागलं. फोटोत सगळं खानदान उभं होतं. नवरदेवाची आई आशाबाई होती, मथुराबाईंचा नवरा डोमाजी होता, इतकंच काय, मुधोळची जिला कुणी धड ओळखतही नव्हतं ती आत्यासुद्धा होती. नव्हत्या त्या एकट्या मथुराबाई.

नसणारच. लग्नाच्या आदल्या दिवशी थोरल्या जावेने, म्हणजे आशाबाईने, मानाचं म्हणून जे लुगडं दिलं, ते मथुराबाईंनीच पूर्वी तिला एका बारशात दिलेलं होतं. मथुराबाईंनी काठावरून ओळखलं. अंगात ताप आहे म्हणाल्या आणि वऱ्हाड निघालं तरी दाराची कडी काढली नाही. तेव्हापासून दोघी एकाच गल्लीत राहायच्या, पण समोरासमोर आल्या की एक ओट्यावरचा कापूस बघायची आणि दुसरी आभाळ.

"आई, आता फोटोत माणूस घालता येते," सून रंजीता म्हणाली. "ते एआय करून देते."

"मंग घाल मले."

रंजीताने जत्रेत काढलेला सासूचा फोटो शोधला आणि मोबाइलला काम सांगितलं. पहिल्या खेपेला मथुराबाई आल्या, पण डाव्या हाताला सहा बोटं घेऊन आणि डोळे निळे करून.

"हे कोणती मड्डम वं?"

दुसऱ्या खेपेला बोटं जमली, डोळेही जमले, पण त्या उभ्या राहिल्या पार मागे, मांडवाच्या खांबाला टेकून. तेवढ्यात चुलीवरची भाकर करपल्याचा वास आला आणि रंजीता आत धावली. जाताना सांगून गेली, "तुमीच बोला. मराठी समजते त्याले."

मथुराबाईंनी मोबाइल तोंडाशी धरला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तशा ओरडल्या, "मले पुढं आण, नवरीच्या बाजूले! अन् ते हिरव्या लुगड्यावाली हाय ना, तिले जराशी बाजूले कर!"

मोबाइलने थोडा विचार केला. मथुराबाई पुढे आल्या, चांगल्या तरण्याताठ्या, अंबाड्यात गजरा माळलेल्या. हिरव्या लुगड्यातल्या आशाबाईला मात्र त्याने इतकं बाजूला केलं की ती फोटोतूनच गेली. नवरदेवाच्या खांद्यावर बांगड्या भरलेला एक हात तेवढा उरला. कुणाचा, ते कळायला मार्ग नव्हता.

मथुराबाईंना ते दिसलं. दुरुस्त करावं असंही वाटलं. पण तोवर बोट पाठवायच्या खुणेवर टेकलं होतं. निदान पुढे त्या तसं सांगायच्या.

ग्रुपवर फुलं पडू लागली. ओट्यावर बसलेल्या डोमाजीने चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"तू आलती का वं लग्नाले?"

"नाई तं काय!"

"मले वाटे तुले ताप होता."

"उतरला होता."

डोमाजीने मान हलवली आणि स्वतःच्या स्मरणशक्तीची काळजी करत बसला.

इथवर मजा होती. सकाळी देवानंदचा निरोप आला: काकूने टाकलेला फोटो झकास साफ दिसतो, तोच हॉलच्या गेटवर लावायच्या मोठ्या बॅनरसाठी, फ्लेक्सीसाठी, दुकानात दिला. मथुराबाईंच्या हातातला चहा निवला. मुलाच्या लग्नाची एवढी मोठी फ्लेक्सी, आणि त्यात त्याची आईच नाही!

दुपारी दार वाजलं. आशाबाई उभी होती, पदर खोचून.

"माह्याच पोराच्या लग्नातून मले काढलं?"

"म्या नाई काढलं, बाई. जराशी बाजूले कर म्हणलं. त्यानं लईच मनावर घेतलं."

"अन् तू कुठून आली? तिथं होती का तू?" आशाबाई धपकन खाटेवर बसली. "बस थांबवून धरली होती म्या तुह्यासाठी. ड्रायव्हर शिव्या देऊन राह्यला होता. म्या म्हणलं, माही मथुरा येते. काऊन नाई आली?"

मथुराबाईंना हे ठाऊकच नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "ते लुगडं..."

"कोणतं लुगडं?"

आशाबाई खरंच विचारत होती. पंचवीस वर्षं सांभाळलेला राग, आणि समोरच्या बाईला त्याचा पत्ताही नाही! मथुराबाईंना जे हसू फुटलं ते आवरेना. आशाबाई आधी चिडली आणि मग, कशाला ते न कळताच, तीही हसायला लागली.

"बरं, घाल मले परत," डोळे पुसत ती म्हणाली. "अन् घालतेच आहे तं पुढचा दात सरळ कर."

"अंबाडा मोठा करू का?"

"कर. अन् हे मुधोळवाली कायले पाह्यजे मधात?"

"राहू दे, बिचारी जेवाले येईन. मागं ढकलू."

दोघींनी मोबाइल मध्ये धरला आणि आळीपाळीने ओरडत बसल्या. संध्याकाळी रंजीताने नवा फोटो फ्लेक्सीवाल्याला पाठवला. तो नीट बघायची तिला दोघींनी उसंत दिली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलच्या गेटवर दोन तरुण जावा खांद्याला खांदा लावून झळकत होत्या. त्यांच्या अंबाड्यांच्या फटीतून नवरदेवाचा फेटा दिसत होता आणि नवरीची अर्धी मुंडावळ. देवानंदची बायको रूपाली फ्लेक्सीपुढे उभी राहून म्हणाली, "लग्न माझंच होतं ना?"

तेवढ्यात मुधोळची आत्या आली. फोटो बघून तिने मथुराबाईंचा हात धरला. "आठवते ना मले! तुमीच तं आग्रह करकरून बुंदी वाढली होती."

मथुराबाईंनी आशाबाईकडे पाहिलं.

"तं!" आशाबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "सारी पंगत एकलीनं सांभाळली तिनं."

आणि जावेचा हात धरून ती तिला जेवणाच्या रांगेत, सगळ्यांच्या पुढे घेऊन गेली.