पृथ्वीच्या खांद्यावरून माप

होणाऱ्या सासऱ्यांची माझ्याबद्दल एकच तक्रार होती: मी लांबचा होतो. नात्याने नाही, विमानाने. "मुलगी आठ तासांपलीकडे द्यायची नाही," त्यांनी जाहीर केलं होतं. "अडीनडीला माहेरी येता आलं पाहिजे." आठच का, हे विचारायची सोय नव्हती. ते शिंपी. त्यांनी माप एकदा लिहिलं की गिऱ्हाइकाने त्यात बसायचं.

म्हणून मी पृथ्वीचा गोल घेऊन दुकानात गेलो. मागे त्यांची धाकटी शिवणयंत्रावर कुणाची तरी पँट आखूड करत होती आणि आमच्याकडे अजिबात लक्ष नसल्यासारखी एकच टीप पुन्हा पुन्हा मारत होती.

सासऱ्यांनी गळ्यातली टेप काढून त्यांच्या शहरापासून माझ्या नोकरीच्या शहरापर्यंत आडवी लावली.

"सहा इंच. सव्वाआठ तास. जमायचं नाही."

"काका, तुम्ही पोटावरून माप घेताय. विमान खांद्यावरून जातं." मी टेप उत्तरेकडून वळवली. साडेपाच इंच भरले. "साडेसात तास."

त्यांनी पृथ्वीकडे असं पाहिलं, जणू तिने दुसऱ्या मापाला मुद्दाम पोट आत ओढलं होतं.

"आणि परत येताना?"

इथे खोटं बोलायला हवं होतं. "येताना वारा समोरून. आठ तास वीस मिनिटं."

"मग माहेरी येताना वीस मिनिटं जास्तच की! विषय संपला."

लग्नं हुंड्यावरून मोडतात, पत्रिकेवरून मोडतात. माझं वाऱ्यावरून मोडलं.

यंत्र थांबलं. "बाबा, ताई किती लांब आहे?"

थोरली समोरच्या औषधाच्या दुकानाच्या वर राहते. तिच्या दोरीवरचे मोजे दुकानातून मोजता येतात. तीन वर्षं ती माहेरी आलेली नाही. तिच्या नवऱ्याला लग्नातला कोट होईना, तेव्हा सासरे चारचौघांत म्हणाले होते, "कोट बरोबर आहे. जावई चुकलाय."

"ते वेगळं," सासरे पुटपुटले.

"मोजा ना. टेप हातात आहे. आज वाराही नाही."

सासऱ्यांनी टेप गळ्यात टाकली आणि ते बाहेर पडले. रस्त्याच्या मधोमध थांबले, मागे फिरले. विमान परत आलं, मी मनात म्हटलं. त्यांनी फक्त कात्री घेतली आणि पुन्हा निघाले. एका रिक्षावाल्याने त्यांना शिव्या घातल्या. तेवढाच काय तो समोरचा वारा.

ते आले तेव्हा अंधार पडला होता. हातावर थोरल्या जावयाचा कोट, दोन्ही बाजूंनी उसवलेला. पाठोपाठ थोरली, बहिणीकडे बघून डोळे मिचकावत.

"बाजूंना चार बोटं सैल सोडायची आहेत," कुणाकडेही न बघता सासरे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हात वर करा."

टेप माझ्या पोटाभोवती फिरली. मी श्वास आत ओढला.

"सोडा तो. पुढे सुटणारं पोटही धरूनच शिवतोय."

"काका, आणि ती वीस मिनिटं?"

त्यांनी टेप आणखी सैल केली.

"एवढं शिवणीत मावतं."