चौथं स्मारक

सकाळी दोन तास गोळीबार झाला आणि दहा वर्षं नक्षल्यांच्या मुठीत असलेलं गाव पोलिसांच्या हाती आलं. दलमवाले, म्हणजे नक्षल्यांची बंदूकधारी तुकडी, डोंगराकडे पळाले. गावकरी पडवीत बसून राहिले. कोण आलं नि कोण गेलं, हे विचारायचाही त्यांना कंटाळा आला होता.

पोलिसांच्या साहेबानं वारलू गवंड्याला बोलावलं. चौकात दलमच्या मेलेल्या साथीदाराचं लाल स्मारक उभं होतं.

"तूच बांधलंस ना? मग तूच पाड."

वारलूनं घण उचलला. त्याला हे नवं नव्हतं. दलमनं बांधायला लावायचं, मग पोलिसांनी दिवसभरासाठी येऊन पाडायला लावायचं, असं तीनदा झालं होतं. त्यातून तो शहाणा झाला होता. विटा नुसत्या चिखलात रचायच्या आणि वरून सिमेंटचा हात फिरवायचा, म्हणजे पाडताना आपलेच खांदे वाचतात. तिन्ही स्मारकं चार घावांत आडवी झाली होती.

हे चौथं मात्र हलेना. ऊन डोक्यावर आलं, तळहाताला फोड आले, तरी लाल रंगाचे टवकेच तेवढे उडाले.

साहेब वैतागला. "काय घातलंस रे यात?"

"घर बांधाले ठेवलेलं सिमेंट, साहेब. सहाच्या सहा पोती." वारलूनं घाम पुसला. "हे माह्या पोराचं आहे. आदेशचं."

साहेबानं नजर वळवली, पण थांब म्हणाला नाही.

वारलूनं पुन्हा घण उचलला.