सातच्या पुढे

मेवलुदेने टोपलीसाठी भिजवलेले फोक अंगणात ओतले आणि धाकट्या भावाच्या मांडीवर पोतं पसरलं.

"नीट बस, रमीज. बूड घालायचंय."

"ऑर्डर कुणाची?"

"सुलतानाची. बस."

रमीजचा मुलगा गुर्जान दारात उभा होता. वडिलांना न्यायला तो बुर्साहून गाडी घेऊन आला होता. दोनदा गॅस उघडा राहिल्याचं शेजारणीने त्याला फोनवर सांगितलं होतं. आत्याने नव्हतं सांगितलं. सकाळपासून दोघांची खडाजंगी चालली होती. शेवटी मेवलुदेच म्हणाली, "माझ्यासोबत एक बूड घालून दाखवलं तर इथेच राहील. नाहीतर ने." गॅसचं काय, तो कुणाचाही राहतो, आकडे आहेत तोवर माणूस शाबूत आहे, असं तिने मनाशी धरलं होतं.

टोपलीचं बूड त्यांच्यात दोघांनी घालायचं. एकाने आकडा मोठ्याने म्हणत फोक ठेवायचा, पुढचा दुसऱ्याने. फोक तेरा, एक इकडेतिकडे झाला की वीण बसत नाही. मोजायचं मात्र आपल्या बोलीत, बाजारातल्या तुर्कीत नाही. इझ्मीरच्या त्या गल्लीत तसं मोजणारे आता हे दोघंच उरले होते. गुर्जानला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"येक," मेवलुदेने पहिला ठेवला.

"दुय," रमीज.

"त्रिन."

"श्तार."

"पांज."

"शोव," रमीजने सहावा अगदी ऐटीत ठेवला.

सात, आठ, नऊ त्यांचे मूळचे नव्हेत. पणजे-खापरपणजे ग्रीकांत राहिले, तेव्हा तिथून उचललेले. तरुणपणी रमीज चिडवायचा, "उसने आहेत, अक्का. मळवू नकोस."

"एफ्ता," मेवलुदे म्हणाली.

रमीजचा हात थांबला. आठव्या फोकाचं टोक तो अंगठ्याने चाचपत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

"येक."

मेवलुदेने भाच्याकडे पाहिलं. तो कौतुकाने हसत होता.

"दुय," ती म्हणाली.

"त्रिन."

"श्तार."

"पांज."

"शोव." तिने तेरावा ठेवला. बूड बिनचूक बसलं होतं.

"वा, बाबा," गुर्जान म्हणाला. "मला नसतं जमलं. हरलो, आत्या. राहू दे त्यांना इथेच."

"तुझ्या बापाला काय समजलास," रमीज म्हणाला आणि मिशीवरून हात फिरवू लागला.

मेवलुदे गुडघा धरून उठली. आत गेली ती बराच वेळ आली नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती. दोन स्वेटर, लोकरी मोजे, गोळ्यांची डबी.

"चहात साखर दोन चमचे," ती म्हणाली. "नको म्हणेल, तरी घाल."

"अगं, पण त्यांनी बरोबर मोजलं ना?"

"बरोबर मोजलं." तिने पिशवी त्याच्या हातात दिली. "आत्ताच ने. जेवणं झाल्यावर मी ऐकायची नाही."