नव्या गाडीची हवा

मी टायरची हवा मोजणारा गेज बोलतोय. दिसायला पेनासारखा, खिशाला लावायची क्लिपही आहे. माझं तोंड टायरच्या व्हॉल्व्हवर दाबलं, की पांढरी पट्टी बाहेर येते आणि तिच्यावर आकडा दिसतो. एवढंच माझं काम. सुखदुःख मोजायची सोय माझ्यात नाही, म्हणून माझं बोलणं कोरडं वाटेल. चालवून घ्या.

मी मूळचा अमेरिकेतला. तिथे नोकरीला असलेल्या मिलिंदने मला विकत घेतलं आणि एका मित्राबरोबर हैदराबादला, नल्लकुंट्याला, वडिलांकडे पाठवलं. वडील म्हणजे एकनाथराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्या सुमारास बाजारात नव्या मोटारींचं पेवच फुटलं होतं. लेकाने पैसे पाठवले, वडिलांनी नंबर लावला, आणि शहाण्णव साली दसऱ्याला पांढरी मोटार दारात आली.

शोरूमचा ड्रायव्हर किल्ली देऊन गेला न गेला तोच एकनाथरावांनी मला चाकाला लावलं. पट्टी थेट चाळिसावर! नव्या गाडीत कारखान्यातूनच जास्त हवा भरून पाठवतात, ती मग उतरवायची असते. शोरूमवाले विसरले होते. एकनाथराव उकिडवे बसून थोडी हवा सोडायचे, मला लावायचे, पुन्हा सोडायचे. चारी चाकं सव्वीसवर आली तेव्हा घाम पुसत हसले. त्यांच्या पत्नीने, सुशीलाबाईंनी, गाडीबरोबर मलाही हळदकुंकू लावलं.

"आता बरकतपुऱ्याला जाऊ या," त्या म्हणाल्या. "कमलच्या फाटकाशी गाडीतून उतरायचंय मला. धाकटी बहीण आहे, पण जन्मभर तिच्याकडे रिक्षानेच गेले."

"नक्को. पहिली फेरी मिलिंदच्या हातची. तो दिवाळीला येतोय."

"अहो, पण ड्रायव्हर बोलवला तर?"

"गाडी पळून जाते का कुठे?"

दिवाळीला मिलिंदला रजा मिळाली नाही. मग उन्हाळ्यात येणार होता, तर व्हिसाचं काहीतरी निघालं. एकनाथराव मात्र हट्टाला पेटलेले. स्वतः चालवायला शिकले नव्हते, पण दर रविवारी जागच्या जागी इंजिन चालू करायचे आणि मला घेऊन गाडीभोवती फिरायचे. उभ्या गाडीचीही हवा थोडी थोडी उतरतेच. ती हातपंपाने भरायचे. शेजारचे हमीदसाब भिंतीवरून विचारायचे, "क्या रावसाब, कित्ता चली गाडी?" एकनाथराव नुसता हात हलवायचे.

एकदा सुशीलाबाई ठेवणीतली नारायणपेठ नेसून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. बराच वेळ बसल्या. "झालं बाई, पोचले एकदाची बरकतपुऱ्याला," म्हणत उतरल्या आणि कुकर लावायला आत गेल्या. एकनाथराव पुढच्या चाकापाशी मला दाबून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. माझा आकडा बरोबर होता.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी सुशीलाबाईंच्या छातीत कळ आली. हमीदसाबांनी धावत जाऊन रिक्षा आणली. अंगणात गाडी उभी, तिला वळसा घालून त्यांना बाहेर न्यावं लागलं. दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

मिलिंद पोचला तेव्हा दहन उरकलं होतं. अस्थी बासरला, गोदावरीत न्यायच्या ठरल्या. निघायच्या सकाळी एकनाथरावांनी चारी चाकं तपासली. मग मागच्या सीटवरचं प्लास्टिक ओढून फाडलं, अस्थींचा कलश मांडीवर घेतला आणि बसले.

मिलिंदने किल्ली फिरवली. "बाबा, कुठून निघू?"

"बरकतपुऱ्यावरून घे."

"ते तर उलटं पडेल."

"पडू दे. कमलच्या फाटकाशी थांबव."

अस्थी कुणाच्या घरात नेत नाहीत. कमलच धावत बाहेर आली. एकनाथराव कलश छातीशी धरून फाटकाशी उतरले.

"कमल," ते म्हणाले, "ही गाडीतून आली बघ."

कमलने कलशावर हात ठेवला आणि हंबरडा फोडला. मिलिंद स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला.

हल्ली मी गाडीच्या खणात पडून असतो. एकनाथराव मला हात लावत नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही, निदान तसं मी म्हणतो. तुमच्या दारात नवी गाडी आली तर हवा जरूर बघा. एकदा बघा, मला खिशात टाका आणि घरातलं माणूस म्हणेल तिकडे त्याला त्याच दिवशी घेऊन जा.